पाय वाचेल की नाही, हे पत्त्यावर ठरू नये

चप्पल चावते, ठेच लागते, टाचेच्या भेगेतून रक्त येते. निरोगी माणसाची अशी जखम आठवडाभरात भरते. अनेक वर्षांचा मधुमेह असलेल्यांचे तसे नसते. तळपायाची संवेदना गेल्यामुळे जखम दुखत नाही, म्हणून तिच्याकडे लक्ष जात नाही. रक्तवाहिन्या अरुंद झाल्यामुळे ती भरत नाही. संसर्ग हाडापर्यंत पोहोचतो आणि रुग्ण सरकारी रुग्णालयात येतो, तेव्हा ‘पाय की जीव’ एवढाच प्रश्न उरलेला असतो. मधुमेहींचे पाय कापावे लागतात त्यांतील दर पाचपैकी सुमारे चार प्रकरणांची सुरुवात पायावरच्या जखमेने होते. म्हणजेच पाय वाचवण्याची संधी बहुतेकदा मिळालेली असते; ती दवडली जाते.

ही संधी कुठे दवडली जाते, हे इंग्लंडने मोजून पाहिले. तेथील 2007 ते 2010 या काळातील नोंदींचा अभ्यास 2012 मध्ये प्रसिद्ध झाला. मधुमेह नसलेल्यांच्या तुलनेत मधुमेहींमध्ये पाय कापण्याचे प्रमाण सुमारे 23 पट होते. त्याहून धक्कादायक बाब म्हणजे एका भागातील मधुमेही आणि दुसऱ्या भागातील मधुमेही यांच्यात या प्रमाणाचा फरक तब्बल आठपट निघाला. देश एक, आरोग्यसेवा मोफत, तरीही ही तफावत!

वय, धूम्रपान, मूत्रपिंडाचे विकार आणि गरिबी यांचा त्यात वाटा असतोच. वंशाचाही असतो, पण इंग्लंडमधील दक्षिण आशियाई वंशाच्या मधुमेहींमध्ये हे प्रमाण गोऱ्या मधुमेहींपेक्षा कमी आढळले आहे. तेव्हा ‘आपल्या लोकांचे पायच नाजूक’ असे म्हणून सुटका करून घेता येणार नाही. सेवा सुधारली की आकडे बदलतात, हे इंग्लंडमधल्याच इप्सविच शहराने दाखवले. तेथे मधुमेहतज्ज्ञ, शल्यविशारद, पायांची निगा राखणारे तंत्रज्ञ आणि परिचारिका एकत्र काम करू लागले व प्रत्येक शस्त्रक्रियेची नोंद तपासली जाऊ लागली. अकरा वर्षांत, म्हणजे 2005 पर्यंत, घोट्याच्या वरून पाय कापण्याचे प्रमाण दहा हजार मधुमेहींमागे 36 वरून 7 च्याही खाली आले.

आपल्याकडे 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘आयसीएमआर-इंडियाब’ पाहणीनुसार 10.1 कोटी मधुमेही आहेत. गोव्यात दर शंभर प्रौढांमागे 26, तर उत्तर प्रदेशात जेमतेम पाच. रोगाचा नकाशा असा तयार आहे. कापलेल्या पायांचा मात्र नाही. रक्तवाहिन्यांचे शल्यविशारद मोठ्या शहरांत एकवटलेले असताना गडचिरोली किंवा नंदुरबारच्या रुग्णाचा पाय आणि पुण्याच्या रुग्णाचा पाय यांना वाचण्याची सारखीच संधी मिळते, असे कोण म्हणेल? पण जिल्हावार मोजल्याशिवाय कोणाला जाबही विचारता येत नाही.

म्हणून पहिली मागणी नोंदीची. प्रत्येक जिल्ह्याने घोट्याच्या वरच्या आणि खालच्या शस्त्रक्रिया वेगवेगळ्या मोजून दरवर्षी जाहीर कराव्यात. दुसरी, प्राथमिक आरोग्य केंद्रात साखर तपासताना रुग्णाला चपला काढायला लावाव्यात. नायलॉनचा साधा धागा टेकवून संवेदना आणि बोटांनी नाडी तपासायला पाच मिनिटे पुरतात. तिसरी, बधिर पायांसाठी कुष्ठरुग्णांना ज्या मऊ तळाच्या एमसीआर चपला मिळतात, त्या मधुमेहींनाही मिळाव्यात. ही विद्या आपल्याकडे जुनी आहे. ती दुसऱ्या विभागाच्या दारात अडकून पडली आहे.

घरच्यांचे कामही सोपे आहे. मधुमेही व्यक्तीचे तळपाय रोज रात्री उजेडात पाहावेत. अनवाणी चालणे आणि विडी-सिगारेट बंद करावी. कुरूप ब्लेडने घरी कापू नये. जखम, काळसरपणा किंवा सूज दिसली, तर हळद लावून वाट न पाहता दुसऱ्याच दिवशी दवाखाना गाठावा. मात्र त्या दवाखान्यात पाय पाहणारे कोणी असेल, याची जबाबदारी शासनाची आहे.