दोन कोटींची गाडी पंचाऐंशी लाखांत



निवृत्तीनंतर माझ्याकडे येणारे प्रश्न बहुधा ठेवी, मृत्युपत्रे आणि जामीनकी यांच्याभोवती फिरतात. गेल्या दसऱ्यानंतर मात्र इचलकरंजीच्या एका जुन्या स्नेह्यांचा दूरध्वनी आला आणि त्यांनी विचारले, "लॅम्बोर्गिनी गॅलार्डो हे काय प्रकरण आहे हो? चिरंजीवांनी दिल्लीत एक पाहून ठेवली आहे. दोन कोटींची गाडी पंचाऐंशी लाखांत मिळते म्हणतात."

स्नेही सुताचे व्यापारी. पेढी तीन पिढ्यांची. चिरंजीव एकोणतिशीतले, निर्व्यसनी, सकाळी सर्वांच्या आधी दुकान उघडणारे. तेव्हा तरुणाचे डोके फिरले आहे असे म्हणून विषय मिटवणे मला न्यायाचे वाटले नाही. पुढच्या रविवारी पितापुत्र दोघेही माझ्याकडे कोल्हापूरला आले. चिरंजीवांनी गाडीची चाळीसेक छायाचित्रे आणली होती. कागद एकही आणला नव्हता.

गाडी इटलीची, सांत आगाता बोलोन्येसे या लहानशा गावी बनलेली. या कंपनीचा संस्थापक फेरुच्चो लॅम्बोर्गिनी हा शेतकऱ्याचा मुलगा. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराच्या टाकाऊ वाहनांचे भाग घेऊन त्याने ट्रॅक्टर बनवायला सुरुवात केली आणि त्यात पैसा मिळवला. त्याच्या स्वतःच्या फेरारीचा क्लच वारंवार बिघडत असे; त्याविषयी तक्रार केली असता एंझो फेरारींनी त्याला ट्रॅक्टरच चालवण्याचा सल्ला दिला आणि त्या रागातून १९६३ मध्ये ही मोटारकंपनी उभी राहिली, अशी आख्यायिका आहे. गोष्ट तंतोतंत खरी असो वा नसो, पुढचा भाग नोंदलेला इतिहास आहे. १९७२ मध्ये फेरुच्चोने बहुतांश हिस्सा विकला, दोन वर्षांनी उरलेलाही विकून तो मोकळा झाला, आणि १९७८ मध्ये कंपनीचे दिवाळे वाजले. त्यानंतर अनेक मालक झाले. १९९८ पासून ती जर्मनीच्या आउडीकडे आहे.

गॅलार्डो हे आउडीच्या काळातले पहिले मोठे यश. २००३ ते २०१३ या काळात १४,०२२ गाड्या बनल्या. आपल्या चिरंजीवांनी पाहिलेली गाडी एलपी ५६०-४ या प्रकारची, २०११ च्या मे महिन्यात दिल्लीत नोंदलेली. दहा सिलिंडरचे ५.२ लिटरचे इंजिन, ५६० अश्वशक्ती, चारही चाकांना शक्ती. धाव फक्त १९,००० किलोमीटर. हा आकडा सांगताना चिरंजीवांचा चेहरा उजळला होता, आणि त्यात चूक काही नव्हती. आम्हीही आमच्या काळी जावा मोटारसायकलीसाठी झुरलो आहोत.

मी त्यांना एकच प्रश्न विचारला. "दोन कोटींची वस्तू पंचाऐंशी लाखांत देणारा माणूस उरलेले एक कोटी पंधरा लाख तुम्हाला का देतो आहे?"

"काका, जुनी झाली ना गाडी," ते म्हणाले.

उत्तर बरोबर होते, पण अर्धेच. बँकेच्या ताळेबंदात शेवटी एक रकाना असतो, संभाव्य दायित्वांचा. आज देणे नाही, पण उद्या निघू शकेल अशा रकमा तेथे लिहितात. कर्ज मंजूर करताना नवखा अधिकारी नफा पाहतो. मुरलेला अधिकारी आधी तो रकाना उघडतो. जुन्या महागड्या गाडीला असा रकाना छापलेला नसतो, इतकाच फरक. किंमत उतरते ती बहुतांशी त्या रकान्यामुळे, आणि सौदा होताच तो रकाना खरेदीदाराच्या नावावर चढतो. आम्ही तिघांनी त्या दुपारी वहीचे एक पान घेऊन तो भरायला बसलो.

पहिली नोंद यंत्राची. अशा गाडीची किंमत दरवर्षी उतरते, सुट्या भागांची उतरत नाही. ब्रेकची सिरॅमिक तबकडी असो की टायर, ते दोन कोटींच्या गाडीच्या दरानेच येतात आणि पुष्कळदा परदेशातून मागवावे लागतात. गॅलार्डोतील बहुसंख्य गाड्यांना ई-गिअर नावाची रचना असते. क्लचची तिसरी पट्टी पायाशी नसते. पण आत क्लच असतोच, यंत्र तो दाबते. शहरातल्या गर्दीत गाडी इंचाइंचाने सरकवली किंवा चढावर मागे घेतली की तो घासला जातो. म्हणून कमी धाव ही येथे नेहमीच जमेची बाजू नसते. १९,००० किलोमीटर महामार्गावरचे की दिल्लीच्या सिग्नलांवरचे, हे विचारावे लागते. सुदैवाने क्लच किती झिजला हे संगणक जोडून टक्क्यांत वाचता येते. डीलरशी संबंध नसलेल्या एका कारागिराकडून फी देऊन हे वाचन करून घ्या, असे मी सुचवले. टायरवर चार आकडे कोरलेले असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. तेही पाहायला सांगितले. गाडी कमी फिरली की टायरची नक्षी शाबूत राहते आणि रबर मात्र म्हातारे होते.

वाचन चार दिवसांनी आले. क्लच ७८ टक्के झिजलेला, टायर २०१६ चे. कारागिराने क्लचचा अंदाज आठ ते दहा लाखांचा दिला. लॅम्बोर्गिनीचा जन्म ज्या भागाच्या तक्रारीतून झाला म्हणतात, त्याच भागापाशी आम्ही येऊन ठेपलो होतो.

दुसरी नोंद नोंदणीची. राष्ट्रीय हरित लवादाने दिल्लीत पंधरा वर्षांपुढील पेट्रोल गाड्यांवर बंदी घातली आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. पुढे या आदेशांत फेरफार होत राहिले, तरी तेथील जुन्या गाडीच्या मालकाच्या मनातली धास्ती गेलेली नाही. आमच्या गाडीची पंधरा वर्षे मे २०२६ मध्ये भरत होती. डीलरची घाई यासाठी होती. गाडी इकडे आणायची तर दिल्लीच्या परिवहन कार्यालयाची एनओसी, येथे नवी नोंदणी आणि महाराष्ट्राचा कर हे सारे आले. काही महिन्यांत योग्यता तपासणी आणि नूतनीकरण. आयात केलेल्या चारचाकीला नूतनीकरणाची फीच ४०,००० रुपये. वर पर्यावरण कर. रकमा पंचाऐंशी लाखांपुढे लहान दिसतात, पण त्या जाहिरातीत नसतात.

तिसरी नोंद सीमाशुल्काची. तयार गाडी परदेशातून आणली तर तिच्या किंमतीइतकेच शुल्क बसत असे, त्यामुळे ते चुकवण्याचे मार्गही निघाले. कोणी परदेशातून परत येणाऱ्याच्या नावावर सवलतीने गाडी आणली आणि दोन वर्षांच्या आत विकायची नाही ही अट मोडली. कोणी तात्पुरत्या प्रवेशाच्या परवान्यावर आणलेली गाडी परत नेलीच नाही. अशी गाडी तिसऱ्या हाती गेली तरी जप्तीच्या कारवाईत सापडू शकते. न्यायालयात पुढे कोण बरोबर ठरेल तो ठरो. तोवर गाडी सरकारी आवारात उभी. म्हणून बिल ऑफ एंट्रीची प्रत मागावी आणि तिच्यावरील चॅसी क्रमांक गाडीवरील क्रमांकाशी स्वतः ताडून पाहावा. सचिन तेंडुलकर यांना २००२ मध्ये भेट मिळालेली फेरारी ३६० मोडेना वाचकांना आठवत असेल. तिच्या शुल्कमाफीवरून केवढा वाद झाला आणि अखेर ते शुल्क फियाट कंपनीने भरले. २०११ मध्ये ती गाडी सुरतच्या एका व्यापाऱ्याने विकत घेतली. त्या गृहस्थांना मोठे नाव मिळालेच. पण माझ्या दृष्टीने, जिच्या शुल्काचा निकाल साऱ्या देशासमोर लागला आहे अशी जुनी इटालियन गाडी त्यांना मिळाली, हे अधिक मोलाचे.

चौथी नोंद ऐकून मात्र मी चष्मा काढून ठेवला. डीलरने ३० लाख रोख मागितले होते. बिल ५५ लाखांचे. आपल्या व्यापारी घरांत हे ऐकून कोणी दचकत नाही, हे मला ठाऊक आहे. पण एका व्यवहारात २ लाख किंवा अधिक रोख स्वीकारण्यास आयकर कायद्याने मनाई आहे आणि स्वीकारणाऱ्याला तेवढाच दंड आहे. दंड त्याला, आपल्याला काय, असे चिरंजीव म्हणाले. मी त्यांना ती रक्कम आपल्या वह्यांत कोणत्या खात्यातून निघाली असे दाखवणार, एवढेच विचारले. शिवाय गाडी उद्या जळाली वा चोरीला गेली, तर विमा कंपनी बिल पाहील आणि ते तीस लाख कोठेच नसतील.

आणि उरलेले ५५ लाख? ते पेढीच्या कॅश क्रेडिटमधून उचलायचे ठरले होते. "मर्यादा शिल्लक आहे," असे चिरंजीवांचे म्हणणे. ती मर्यादा सुताच्या साठ्यावर आणि येणे रकमेवर दिलेली असते. यंत्रमागधारकांकडून पैसे साठ-नव्वद दिवसांनी येतात, गिरणीला मात्र वेळेवर द्यावे लागतात. त्या दरम्यानचा पूल म्हणजे हे खाते. पुलाचे दगड काढून अंगणात फरशी घालता येत नाही. यावर पितापुत्रांत जे बोलणे झाले, ते त्यांचे घरगुती. मी चहा सांगायला आत गेलो.

शेवटची नोंद सर्वांत मोठी ठरली आणि ती छायाचित्रांत कोठेही नव्हती. मी आग्रह धरल्यावर आरसीची प्रत आली. बँकेचा बोजा नव्हता, त्यामुळे चिरंजीव निश्चिंत होते. पण मालकाच्या जागी व्यक्तीचे नाव नव्हते, एका प्रायव्हेट लिमिटेड कंपनीचे होते. कंपनी विकत असेल तर संचालकाची सही पुरत नाही, संचालक मंडळाचा ठराव पाहावा लागतो. आणि कंपनीवरचे बोजे आरसीवर नव्हे, कंपनी निबंधकाकडे नोंदलेले असतात. ती माहिती कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. मी संध्याकाळी संगणकावर कंपनीचे नाव घातले. तिच्याविरुद्ध नादारी व दिवाळखोरी संहितेखालील प्रक्रिया सुरू झालेली होती.

याचा अर्थ व्यापाऱ्याला सांगायला नको, पण कायद्याचा भाग सांगतो. राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने अर्ज दाखल करून घेतला की त्या दिवसापासून कंपनीची कोणतीही मालमत्ता हस्तांतरित करण्यास बंदी येते, आणि कारभार संचालकांच्या हातून नेमलेल्या व्यावसायिकाकडे जातो. म्हणजे जे संचालक ही गाडी विकत होते, त्यांना ती विकण्याचा अधिकारच उरला नव्हता. आपण पैसे दिले असते, गाडी इचलकरंजीत आली असती, आणि एके दिवशी कंपनीच्या वतीने ती परत मागणारे पत्र आले असते. आपण देणेकऱ्यांच्या रांगेत उभे राहिलो असतो, तेही बहुधा शेवटी. तीस लाखांची तर पावतीसुद्धा नव्हती.

हे मी त्यांना रात्रीच दूरध्वनी करून सांगितले. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग चिरंजीव हळू आवाजात म्हणाले, "काका, टोकन दिले आहे. दोन लाख. मागच्या आठवड्यात." वडिलांना हे ठाऊक नव्हते. मी त्यांना तेव्हाच, झोपण्यापूर्वी, सांगायला लावले. टोकन बँकेमार्फत गेले होते, हे त्यातल्या त्यात बरे. डीलरला वकिलामार्फत नोटीस गेल्यावर १ लाख परत आले आहेत. उरलेल्यासाठी पत्रव्यवहार चालू आहे.

वाचकांना वाटेल, हौस तेथेच संपली. तसे झालेले नाही, आणि वडिलांनीही ती संपवलेली नाही. जानेवारीत मुंबईतली एक गॅलार्डो चिरंजीवांच्या पाहण्यात आली. एकाच व्यक्तीच्या नावावर, पहिल्या दिवसापासूनच्या सर्व्हिसच्या पावत्यांसह, क्लच बदलल्याच्या बिलासह. मागणी १ कोटी १० लाखांची, म्हणजे दिल्लीपेक्षा २५ लाखांनी अधिक. या वेळी त्यांनी छायाचित्रे एकही पाठवली नाहीत. आरसी आणि विम्याचे कागद पाठवले. पैसे स्वतःच्या बचतीतून आणि वडिलांनी वैयक्तिक खात्यातून दिलेल्या उसनवारीतून, कॅश क्रेडिटला हात न लावता, असे ठरले आहे. त्यासाठी त्यांना आणखी दीड वर्ष थांबावे लागेल; तोवर ही गाडी राहील की नाही, सांगता येत नाही. बिल ऑफ एंट्रीची प्रत मात्र त्यांनी मागवून ठेवली आहे.

एक प्रश्न माझ्या वहीत नव्हता, तो वहिनींनी काढला. आतल्या बैठका कातड्याच्या आहेत का? बहुतेक गाड्यांत कातडेच असते. काहींत अल्कांतारा नावाचे इटलीतच बनणारे कापड असते, दिसायला मऊ कातड्यासारखे, पण पॉलिएस्टर आणि पॉलियुरेथेनचे. मुंबईच्या गाडीत कातडे आहे. बैठका बदलून घेता येतात. पण मग गाडी मूळ स्थितीत राहत नाही आणि पुढे विकताना भाव उतरतो. वहिनींना काय सांगायचे, हे चिरंजीवांनी अजून ठरवलेले नाही.