तक्त्यातले गणित

बेंजामिन ब्लूम आणि सहकाऱ्यांनी १९५६मध्ये मांडलेली शैक्षणिक उद्दिष्टांची उतरंड आपल्या गणित शिक्षकांना बी.एड.पासून पाठ असते. शाळेत मात्र ती भेटते ती प्रश्नपत्रिकेच्या संविधान तक्त्यात: ज्ञान, आकलन, उपयोजन, कौशल्य आणि प्रत्येकाचा भारांश. क्रियापद पाहून रकाना भरला, की झाले! ‘सिद्ध करा’ म्हटले की प्रश्न वरच्या पायरीचा. पण पायथागोरसच्या प्रमेयाची सिद्धता दहावीचा विद्यार्थी घोकून उतरवत असेल, तर ते निव्वळ स्मरण. उलट, क्षेत्रफळ २४ चौरस सेंटीमीटर आणि बाजू पूर्ण सेंटीमीटरमध्ये असलेल्या आयतांपैकी सर्वांत कमी परिमिती कोणाची, हा पाचवीलाही झेपणारा प्रश्न मुलांना शोधायला, तुलना करायला, कारण द्यायला लावतो. प्रश्नाची पायरी आधी वर्गात काय शिकवले यावरच ठरते. २००१च्या सुधारित मांडणीने ‘निर्मिती’ला सर्वांत वर बसवले, तरी गणिताच्या तासाला स्वतः उदाहरणे रचणारी मुले क्वचितच दिसतात. दोष एकट्या शिक्षकांचा नाही, अभ्यासक्रम संपवण्याची घाई त्यांच्या मानगुटीवर असते. शिक्षण विभागाने आता प्रशिक्षणात व्याख्यांचे फलक दाखवणे थांबवून मुलांच्या प्रत्यक्ष उत्तरपत्रिका चर्चेला घ्याव्यात.