बारीक बाण आणि सैल भाता

मराठीत भाता दोन प्रकारचा. एक लोहाराचा, दुसरा बाणांचा. तिरंदाजी क्लबसाठी भाते घ्यायचे ठरले, तेव्हा साताऱ्याकडच्या एका पालकांनी मला फोनवर हसत विचारलं, "उस्ताद, भात्याला एवढे पैसे? कोळसा पेटवायचाय का?" मीही हसलो. पण त्यांचा प्रश्न खोटा नव्हता. क्लबचे पैसे पालकांच्या खिशातून येतात, आणि बाण धरून ठेवणारी एक रबराची पट्टी नि एक टोपी एवढ्यासाठी ते का द्यायचे, हे सांगणं माझं काम आहे.

आधी माझी चूक सांगतो. गेल्या पावसाळ्याच्या तोंडाशी आम्ही आठ कॅडेट घेऊन कनकपुरा रस्त्याकडच्या एका शेतात फील्ड आर्चरीच्या सरावाला गेलो होतो. चढउतारावर, झाडांमध्ये, कमीअधिक अंतरावर फोमची लक्ष्यं मांडलेली. माझ्या कंपाउंड धनुष्याला बाजूला भाता बसवलेला होता आणि त्यात पाच बाण. एका उतारावर माझा पाय थोडा घसरला, धनुष्याला हिसका बसला आणि एक बाण भात्यातून निसटला. मागून येणाऱ्या नववीच्या मुलाच्या कॅनव्हासच्या बुटात, अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या मधोमध तो घुसला. कातडीला ओरखडाही नाही. मुलगा म्हणाला, "उस्ताद, बाण पडला." जणू माझा रुमालच पडला होता. मी मात्र तिथेच खाली बसलो.

चूक भात्याची नव्हती. तो भाता माझ्याकडे सहा वर्षं होता आणि कधी दगा दिला नव्हता. त्याच्या आधीच्या महिन्यात मी बाण बदलले होते. पूर्वीचे बाहेरून सात मिलिमीटरच्या वर जाड होते, नवे पाचाच्या आसपास. पट्टीची खाच मात्र जाड बाणांच्या मापाची राहिली. बाण तिच्यात बसल्यासारखा दिसत होता, बोटाने ढकलला तर गोल फिरत होता. हे मला दिसलं होतं आणि मी ते चालवून घेतलं. रायफल हातात घेतल्यावर आधी 'जाँच शस्त्र' करायला मुलांना शिकवणारा माणूस मी.

आता कुणी म्हणेल, मग बारीक बाण हवेतच कशाला? हवेत. बेंगळुरूत जून ते ऑगस्ट पश्चिमेचा वारा कसा सुटतो हे आपल्या मैदानावर उभं राहिलेल्याला सांगायला नको. बाण जितका बारीक, तितकं वाऱ्याला ढकलायला अंग कमी. ऑलिंपिकमध्ये ७० मीटरवर मारणारे सगळे याच कारणासाठी बारीक बाण वापरतात. फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव, आपल्याच लष्कराचा माणूस, टोकियोत आणि पॅरिसमध्ये अशाच बाणांनी उतरला. सभागृहातल्या स्पर्धेत उलट असतं. तिथे वारा नाही, म्हणून नियमाला चालतील तेवढे, म्हणजे ९.३ मिलिमीटरपर्यंत जाड बाण मारतात, कारण जाड बाण रेषेला लवकर शिवतो. म्हणजे बाण कामाप्रमाणे बदलणार. भाता त्याच्याबरोबर बदलला पाहिजे, एवढंच माझं म्हणणं.

धनुष्यावर बसवायचे भाते मुळात शिकाऱ्यांसाठी निघाले. जंगलात फिरणाऱ्याला हात मोकळा हवा, आणि बाणाच्या टोकाला वस्तऱ्यासारखी पाती असतात म्हणून वर टोपी हवी. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर तो विषय संपला, आणि बन्नेरघट्टाच्या रानाशेजारी राहणाऱ्या आपण तो मोबाइलवर पाहूनसुद्धा उकरून काढू नये. पण सामान तेच बाजारात येतं आणि फील्ड आर्चरीत कामालाही येतं. म्हणून ते पारखून घ्यायला हवं.

पहिली फसगत आकड्याची. बाणाच्या खोक्यावर '४ एमएम' लिहिलेलं असतं. ते माप आतल्या पोकळीचं. बाहेरून व्हर्नियर लावला तर पाचाच्या वर भरतं. भात्याची पट्टी पकडते ती बाहेरून, पोकळीतून नव्हे. दुकानदाराला '४ एमएमचा भाता द्या' म्हणणारा आणि 'हो, बसेल' म्हणणारा, दोघेही बिनधास्त चुकतात. म्हणून दुकानात आपला बाण घेऊन जायचं. बूट घ्यायला पाय घेऊन जातो तसं.

दुसरं, पट्टी एक की दोन. एकाच पट्टीवर बारीक बाण डुलतो. त्याचं टोक टोपीतल्या फोमला कोरत राहतं, भोक मोठं होतं, आणि काही महिन्यांत वरची पकडही जाते. दोन पट्ट्या आणि त्यांच्यात चांगलं अंतर असेल तर बाण हलत नाही. त्यातही पट्टी सुटी निघून बदलता येणारी असावी. रबर उन्हात कडक होतं, मग चिरतं. चार आण्याच्या पट्टीसाठी अख्खा भाता फेकायची वेळ येऊ नये. काही जण बाणालाच चिकटपट्टी गुंडाळून जाड करतात. मी तेही करून पाहिलं आहे. वजन एका जागी वाढतं, चिकटपट्टी घामाने सुटते, आणि प्रत्येक बाण वेगळा होऊन बसतो.

घेतल्यावर सगळे बाण भरा, धनुष्य उलटं धरा आणि जोरात हलवा. एकही सरकला तर तो भाता परत. पिसं एकमेकांना किंवा दोरीला शिवत नाहीत ना, तेही पाहा. धक्का तपासायचा म्हणून रिकामी दोरी मात्र कुणी ओढून सोडू नये. बाण नसताना सोडलेली दोरी धनुष्याच्या पात्या फोडते.

आता मुलांचं म्हणणं. धनुष्यावर लावलेला भाता रुबाबदार दिसतो, हे मला मान्य. पण एक बाण पंचवीस ग्रॅमच्या आसपास धरला तर पाच बाण आणि भाता मिळून पाव किलोच्या वर वजन धनुष्याच्या एकाच बाजूला लटकतं, आणि प्रत्येक बाण मारला की ते बदलतं. नेम शिकणाऱ्या मुलाचा हात आधीच थरथरतो, त्याला हे ओझं कशाला? २०२३ मध्ये बर्लिनला साताऱ्याची आदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे कंपाउंडचे जगज्जेते झाले, ओजसने तर अंतिम फेरीत १५० पैकी १५० घेतले. दोघांचे बाण कमरेच्या भात्यात होते. अर्जुनाला अग्नीकडून अक्षय भाते मिळाले, त्याच्या बाणांची काळजी देवाला. आपल्याला खाच मोजावी लागते.

म्हणून माझं मत असं. मैदानावर सगळ्यांना कमरेचे भाते, साधे आणि स्वस्त. धनुष्यावरचे फक्त दोन घ्यावेत, दोन पट्ट्यांचे, आणि ते फील्डला जाणाऱ्या मोठ्या मुलांनाच द्यावेत. उरलेल्या पैशात लक्ष्याच्या मागची जाळी बदलून होईल, ती दोन ठिकाणी फाटली आहे. काही सहकाऱ्यांना हे फार सावध वाटतं. त्यांनी त्या बुटाचं भोक पाहिलेलं नाही. मुलाने तो बूट अजून टाकलेला नाही, बाकीच्यांना दाखवत फिरतो.

माझा जुना भाता स्टोअरमध्ये टेबलावर ठेवला आहे. शनिवारी दुपारी चार वाजता ज्यांना यायचं त्यांनी आपापला एक बाण घेऊन यावं. फिजिक्सच्या सरांनी व्हर्नियर द्यायचं कबूल केलं आहे.