नाव कोडॅकचं, फोटो इंदूचा

पुतण्याने बालाघाटच्या बाजारातून कोडॅकचा टीव्ही आणला. म्हणे, "काकाजी, जुनी कंपनी आहे!" अरे बाबू, त्या कंपनीचं 2012 मध्ये दिवाळं निघालं होतं. टीव्ही इथल्याच लोकांचा, नाव तेवढं परवान्याने घेतलेलं. फिल्म मात्र कोडॅक अजून अमेरिकेत रॉचेस्टरला बनवते, ते याला ठाऊकच नाही!

आमच्या आजीचा एकुलता एक फोटो 'इंदू'च्या रोलवरचा. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा, म्हणजे 1960 च्या सरकारी कंपनीचा माल. 12 फोटोंचा रोल; 11 लग्नात गेले, उरलेल्या एकात आजी. कारखाना बंद पडला. मशिनी जुन्या झाल्या असतील, पण नाव? कोडॅकचं नाव विकतं, तर इंदूचं का नको? कुणाकडे इंदूच्या निगेटिव्ह असतील तर फेकू नका, मला दाखवा.