पाटी दुसऱ्या देशाची

मॉडेल यूएन आता कॉलेजांना नवीन राहिलेलं नाही. कोट-टाय, पुढ्यात देशाच्या नावाची पाटी, 'ऑनरेबल चेअर'ने सुरू होणारी भाषणं आणि शेवटी 'बेस्ट डेलिगेट'ची ट्रॉफी. त्याबद्दल माझी तक्रार नाही. स्टेजची भीती जाते, इंग्रजीही सुधारतं. पण देशांच्या चिठ्ठ्या निघताना बघा. सगळ्यांचा जीव पाच देशांवर असतो, कारण त्यांच्याकडे नकाराधिकार आहे. चाड किंवा मलावीची चिठ्ठी आली की चेहरा पडतो. 'आता मी काय बोलू?' हा पुढचा प्रश्न.

मला वाटतं, मुत्सद्देगिरीची शिकवणी या प्रश्नापासूनच सुरू होते. म्हणून माझं म्हणणं असं : आपल्या कॉलेजात आणखी एक मॉडेल यूएन भरवण्यापेक्षा आफ्रिकन युनियनची बैठक भरवावी, आणि ती आपल्या मराठी वाङ्मय मंडळाने मराठीत भरवावी.

ही कल्पना माझी नव्हे. वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठाच्या पुढाकाराने अशी बैठक वर्षानुवर्षं भरते. आफ्रिकन एकता संघटनेच्या (ओएयू) काळात ती 'मॉडेल ओएयू' होती, आता 'मॉडेल एयू' आहे. तिथली एक रीत मला फार आवडते. विद्यार्थी ज्या देशाची पाटी घेऊन बसणार असतात, त्या देशाच्या वकिलातीत आधी जातात आणि तिथल्या अधिकाऱ्यांशी बोलतात. म्हणजे ज्याच्या वतीने बोलायचं, त्याचं आधी ऐकून घ्यायचं. आपल्याकडे भाषण आधी तयार होतं आणि देश मागाहून कळतो.

आता आफ्रिकन युनियनच का, ते सांगते. ओएयू १९६३ च्या मे महिन्यात आदिस अबाबात स्थापन झाली, तेव्हा ३२ देशांनी सह्या केल्या होत्या. तिच्या जागी २००२ मध्ये दरबान इथे आफ्रिकन युनियन आली. आज तिचे ५५ सदस्य आहेत. राष्ट्रप्रमुखांच्या सभेत निर्णय आधी सर्वसंमतीने व्हावा, ते जमलं नाही तर दोन तृतीयांश मतांनी, असा नियम आहे. शांतता व सुरक्षा परिषदेत १५ देश असतात. दहा दोन वर्षांसाठी निवडलेले, पाच तीन वर्षांसाठी. कायमची खुर्ची कुणाला नाही आणि नकाराधिकारही कुणाला नाही.

याचा विद्यार्थ्यावर काय परिणाम होतो? 'नाही' म्हणून मोकळं होता येत नाही. समोरच्याला काय हवंय, त्यातलं किती देता येईल आणि बदल्यात काय मागता येईल, याचा हिशोब करावाच लागतो. मलावीच्या पाटीलाही तेवढंच वजन येतं, कारण दोन तृतीयांश गाठताना प्रत्येक मत लागतं. मोठ्या आवाजापेक्षा चहाच्या सुट्टीत कोण कुणाशी जाऊन बोललं, हे महत्त्वाचं ठरतं.

गेल्या सत्रात आमच्या राज्यशास्त्राच्या सरांनी वर्गापुरती अशी एक बैठक घेतली. सात देश, चौदा मुलं, एक दुपार. विषय नाईल नदीवरचं इथिओपियाचं धरण. तारीख धरली होती २६ जून २०२०. त्या दिवशी दक्षिण आफ्रिकेचे राष्ट्राध्यक्ष सिरिल रामाफोसा यांच्या अध्यक्षतेखाली खरोखरच अशी बैठक झाली होती, तीही ऑनलाइन. इथिओपिया, इजिप्त आणि सुदान यांच्याबरोबर केनिया, माली आणि काँगो लोकशाही प्रजासत्ताक हेही तिथे होते. मला चिठ्ठी आली इथिओपियाची.

विषय थोडक्यात असा. निळी नाईल इथिओपियाच्या डोंगरात उगम पावते. इजिप्तला पोहोचणाऱ्या नाईलच्या पाण्यातला सुमारे ८५ टक्के वाटा इथिओपियाच्या उंच मुलखातून येतो. आणि इजिप्तला जे पाणी मिळतं त्यातलं ९० टक्क्यांहून जास्त एकट्या नाईलचं. १९५९ मध्ये इजिप्त आणि सुदान यांनी आपसात पाणी वाटून घेतलं : इजिप्तला वर्षाला ५५.५ अब्ज घनमीटर, सुदानला १८.५. इथिओपियाला विचारलं नाही. इथे माझ्यासारख्या ख्रिस्ती मुलीला एक गोष्ट लक्षात राहते. इथिओपियाच्या ऑर्थोडॉक्स चर्चचा प्रमुख चौथ्या शतकापासून इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाहून नेमला जायचा. ते चर्च स्वतंत्र झालं तेही १९५९ मध्येच. एकाच वर्षी एक दोर सुटला आणि एक गाठ बसली.

मग २०११ मध्ये इथिओपियाने सुदानच्या सीमेजवळ धरण बांधायला घेतलं. जलाशय ७४ अब्ज घनमीटरचा, वीज ५,१५० मेगावॉट. पैसा मुख्यतः देशातूनच उभा केला, सामान्य लोकांनीसुद्धा रोखे घेतले. २०२० च्या पावसाळ्यात पाणी अडवायला सुरुवात होणार होती आणि इजिप्तचा जीव टांगणीला लागला होता.

आता माझी गोची ऐका. आमचं घर बेळगावात, मावशी वाळपईला. म्हादई आमच्या खानापूर तालुक्यात उगम पावते आणि मावशीच्या सत्तरीतून पुढे जाते. कळसा-भांडुराचं पाणी मलप्रभेत वळवायचा विषय निघाला की आमच्या जेवणाच्या टेबलावर गोव्याचीच बाजू असते. २०१० मध्ये लवाद नेमला गेला, २०१८ मध्ये त्याचा निवाडा आला : कर्नाटकाला १३.४२ टीएमसी, गोव्याला २४, महाराष्ट्राला १.३३. तिन्ही राज्यं सुप्रीम कोर्टात गेली. मावशीच्या तोंडी एकच वाक्य असतं, 'वरच्यांनी अडवलं तर खालच्यांनी काय प्यायचं?' आणि इथे मला नेमकं वरच्यांचं वकीलपत्र घ्यावं लागलं. इजिप्तची पाटी आली होती माझ्या हॉस्टेलमधल्या मैत्रिणीकडे. ती नवलगुंदची. तिच्या गावचे शेतकरी मलप्रभेच्या पाण्यासाठी वर्षानुवर्षं आंदोलन करतायत. तिला त्या दुपारी खालच्यांची भीती मांडायची होती.

दोन्ही वाद अगदी सारखे नाहीत, हे इथे सांगायलाच हवं. इथिओपिया वीज करून पाणी पुढे सोडतो. म्हादईत प्रश्न आहे एका खोऱ्यातलं पाणी दुसऱ्या खोऱ्यात नेण्याचा. त्यामुळे नाईलचं उत्तर उचलून इथे चिकटवता येणार नाही. पण वरचा आणि खालचा ही जी दोन मनं आहेत, ती मात्र ओळखीची आहेत.

तयारी करताना मी इथिओपियाची बाजू वाचत गेले. निम्म्याच्या आसपास लोकांच्या घरी वीज नाही. पाऊस आमच्या डोंगरावर पडतो आणि वाटणीच्या कागदावर आमचं नाव नाही. हे मला पाठ करावं लागलं नाही, ते पटत गेलं. वर्गातली एक मैत्रीण म्हणाली, 'अगं, मग तू नक्की कुणाच्या बाजूनं बोलालीस?' मला तिचा प्रश्न योग्य वाटतो. उत्तर असं की मी माझी बाजू सोडली नव्हती, फक्त दुसरी बाजू मूर्खांची किंवा दुष्टांची असते हा समज ठेवायला जागा उरली नव्हती. ही पाटी देते ती मोठी गोष्ट. समोरच्याचं म्हणणं असं मांडायचं की त्यानेही मान डोलवावी, 'हो, मला हेच म्हणायचंय.'

बैठकीत भाषणं दहा-पंधरा मिनिटांत आटोपली. उरलेला सगळा वेळ शब्दांवर गेला. इजिप्तला हवा होता 'बंधनकारक करार'. आम्ही म्हणत होतो, 'मार्गदर्शक तत्त्वे' पुरेत. २०१५ मध्ये खार्तूमला तिन्ही देशांनी सही केलेल्या तत्त्वांच्या जाहीरनाम्यात दोन गोष्टी शेजारी-शेजारी आहेत : पाण्याचा न्याय्य व वाजवी वापर, आणि दुसऱ्याला लक्षणीय हानी न पोहोचवणं. वरचा देश पहिल्यावर बोट ठेवतो, खालचा दुसऱ्यावर. 'लक्षणीय' म्हणजे किती? सगळं भांडण त्या एका विशेषणात अडकलेलं. साहित्याच्या विद्यार्थ्याला याहून चांगला धडा कुठे मिळणार? आपण कवितेतल्या एका शब्दावर तासभर बोलतो. इथे एका शब्दावर धरणाखालच्या शेतकऱ्याचं वर्ष अवलंबून असतं.

सगळ्यात हुशारीने बोलली ती मालीची जोडी. आधी सगळे हसले होते, मालीचा नाईलशी काय संबंध? पण त्या दोघांनी नकाशा काढला. नायजर नदी गिनीत उगम पावते आणि मग मालीत येते. म्हणजे इथे जो पायंडा पडेल तो उद्या मालीला लागू होईल. सुदानच्या जोडीने सांगितलं, धरणामुळे आमचे पूर कमी होतील, पण आमचं रोसेरेस धरण अगदी खालीच आहे, तुम्ही किती पाणी सोडताय ते आम्हाला रोज कळलं पाहिजे. सलग दुष्काळ पडला तर किती पाणी सोडायचं, यावर आमचं काही जमलं नाही. रोजची आकडेवारी तिघांना द्यायची, एवढ्याच कलमावर सर्वसंमती झाली. सरांनी तोच निकाल मानला.

यावर आक्षेप येतील, ते मला माहीत आहेत. पहिला : राष्ट्राध्यक्षांना जे जमलं नाही ते वर्गातल्या पोरांना कसं जमणार? नाहीच जमणार. एप्रिल २०२१ मध्ये किन्शासाला खऱ्या वाटाघाटीही फिसकटल्या, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये धरणाचं उद्घाटन झालं तेव्हाही इजिप्तची हरकत कायम होती. म्हणूनच अशा बैठकीत ठराव झाला की नाही यावर गुण देऊ नयेत. फिसकटली तर का फिसकटली, हे प्रत्येकाने दोन पानांत लिहून द्यावं. त्यावर गुण द्यावेत.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. आफ्रिकेचं नाटक करताना आपण आफ्रिकन माणसाची टिंगल तर करणार नाही ना? ही भीती खोटी नाही. आपल्या देशात आफ्रिकन विद्यार्थ्यांना काय सोसावं लागतं, ते २०१७ मध्ये ग्रेटर नोएडात नायजेरियन मुलांवर जमावाने केलेल्या हल्ल्यांत सगळ्यांनी पाहिलं. म्हणून नियम कडक हवेत. वेशभूषा नाही, उच्चारांची नक्कल नाही, सिनेमातली आफ्रिका नाही. बोलायचं ते वाचून आणि आकड्यांनिशी. नीट तयारी केलेली बैठक ही त्या टिंगलीवरचा एक उपायसुद्धा आहे. इजिप्तचं पाणी आणि इथिओपियाची वीज यांवर महिनाभर डोकं लावलेली मुलगी 'आफ्रिका म्हणजे जंगल' असं पुन्हा म्हणणार नाही.

तिसरा आक्षेप : आपला आफ्रिकेशी काय संबंध? निदान आम्हा गोवेकर घरांनी तरी हे विचारू नये. केनियाचे १९६० च्या दशकातले परराष्ट्रमंत्री आणि पुढे उपराष्ट्राध्यक्ष झालेले जोसेफ मुरुंबी यांचे वडील गोवेकर, आई मासाई. ते लहानपणी शिकले भारतात. नैरोबीत जन्मलेले पियो गामा पिंटो केनियाच्या स्वातंत्र्यासाठी झटले आणि १९६५ मध्ये तिथेच त्यांची हत्या झाली. आणि २०२३ च्या सप्टेंबरमध्ये दिल्लीतच आफ्रिकन युनियनला जी-२० चं कायम सदस्यत्व मिळालं. संबंध आहे. आपण तो वाचलेला नाही.

आता मराठीत का? आफ्रिकन युनियनने २०२२ मध्ये किस्वाहिलीला आपल्या कामकाजाच्या भाषांत घेतलं. इंग्रजी, फ्रेंच, पोर्तुगीज, अरबी या भाषा तिथे चालतात, पण आपल्या मातीतली भाषाही त्या टेबलावर हवी, असं त्यांना वाटलं. आपल्याकडे मराठी भाषणाला, कवितेला, भांडणाला चालते. वाटाघाटीला आपण ती वापरतच नाही. 'बाइंडिंग'ला 'बंधनकारक' म्हटलं की ते किती टोचतं, हे मराठीत बोलल्याशिवाय कळत नाही. सीमाभागात तर आपल्याला घोषणांची मराठी चांगली येते. 'तुमचं म्हणणं मला असं समजलं, बरोबर आहे का?' ही मराठी शिकायची राहिली आहे.

तेव्हा मंडळाकडे माझी मागणी अशी. येत्या डिसेंबरच्या आधी एक शनिवार ठरवा. देशांच्या चिठ्ठ्या महिनाभर आधी काढा. कुणालाही आपल्या मनाजोगी बाजू निवडू देऊ नका. कानडी विभागालाही बोलवा आणि दोन दुभाषे बसवा, कारण खऱ्या बैठकीतही ते असतातच. ट्रॉफी ठेवू नका. विषय नाईलचा ठेवला तर मावशीला मी स्वतः वाळपईहून घेऊन येईन. तिला इथिओपियाची पाटी द्या.