दात शिवशिवतात? आधी खोक्याची मागची बाजू वाचा

उन्हाळा लागला की दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो. "डॉक्टर, गार पाणी प्यायले की दात शिवशिवतात, कुठली पेस्ट वापरू?" मी कंपनीचे नाव सांगत नाही, म्हणून काही जण नाराज होतात. पण माझे मत असे आहे की नावापेक्षा खोक्याच्या मागे बारीक अक्षरात काय छापले आहे ते महत्त्वाचे.

दाताच्या कठीण कवचाखाली डेंटिन नावाचा थर असतो. त्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या असंख्य बारीक नळ्या असतात आणि त्यांत द्रव असतो. हिरडी खाली सरकली किंवा कवच झिजले की या नळ्यांची तोंडे उघडी पडतात. गार किंवा आंबट लागले की आतला द्रव हलतो आणि नसेपर्यंत कळ जाते.

पेस्ट इथे दोनपैकी एक काम करते. पोटॅशियम नायट्रेट (बहुधा ५ टक्के) नसेला शांत करते. स्टॅनस फ्लोराइड, आर्जिनिन किंवा कॅल्शियम सोडियम फॉस्फोसिलिकेट हे घटक नळ्यांची तोंडे बुजवतात. यांपैकी एक घटक आणि सोबत फ्लोराइड असले, की माझ्या दृष्टीने पेस्ट चालेल. किंमत जास्त म्हणजे गुण जास्त, असे काही नाही.

"चार दिवस लावली, फरक नाही" ही तक्रार मी मनावर घेत नाही. दिवसातून दोनदा, मऊ ब्रशने, दोन ते चार आठवडे तरी लावायला हवी. ब्रश झाल्यावर फेस थुंकून टाका, पण लगेच भरपूर पाण्याच्या चुळा भरू नका. औषध दातावर थोडे राहू द्या की! आणि लिंबू सरबत प्यायल्यावर लगेच ब्रश करू नका, अर्धा-पाऊण तास जाऊ द्या.

खरा वैताग वेगळाच आहे. सकाळी मिश्री किंवा कोळशाची पावडर खसाखसा घासायची आणि रात्री महागडी सेन्सिटिव्ह पेस्ट लावायची! मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. ती हिरड्यांचे नुकसान करते, शिवाय तोंडाच्या कर्करोगाचा धोका आहेच. झीज चालूच राहिली तर पेस्ट तरी काय करणार?

आणखी एक गोष्ट मला फार खटकते. एक ताई वर्षभर अशी पेस्ट लावत होत्या. कळ फक्त उजवीकडच्या एकाच दाढेत यायची. सुरुवातीला आराम वाटला, म्हणून दाखवायचे राहून गेले. दोन दाढांच्या फटीत कीड लागली होती, आरशात दिसणे शक्यच नव्हते. त्या आल्या तेव्हा कीड नसेपर्यंत पोहोचली होती. जी दाढ साध्या सिमेंटने भरून भागले असते, तिला रूट कॅनॉल आणि वर कॅप लागली. खर्च कितीतरी पट झाला. पेस्टचा यात दोष नव्हता, दुखणेच वेगळे होते.

म्हणून कळ एकाच दातात येत असेल, गार घोट गिळून झाल्यावरही ठणका रेंगाळत असेल, चावताना दुखत असेल किंवा रात्री झोपेतून जाग येत असेल, तर दुसरी पेस्ट शोधत बसू नका. त्याच आठवड्यात दात दाखवून घ्या. चार आठवडे नीट पेस्ट लावूनही फरक पडला नाही, तरीसुद्धा या. येताना रोजचा ब्रश सोबत आणा, त्याचे दाते बघूनच मला बरेच कळते.