हेगमध्ये शिका, धाराशिवच्या कोर्टात उभे राहा

बेंबळीत परदेश शिष्यवृत्तीची माहिती द्यायला बसलो की मुले लंडन, अमेरिकेचे विचारतात. कायदा शिकणाऱ्यांनी नेदरलँड्सचेही विचारावे, असे आम्हाला वाटते.

तिथल्या हेग शहरात 2002 पासून आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय आहे. भारत त्याचा सदस्य नाही. आपल्यावरील अत्याचाराचा खटला तिथे चालेल, असा भ्रम नको. शिकण्यासारखे वेगळेच आहे. तिथे पीडितांना वकिलामार्फत बाजू मांडता येते. डच न्यायालयांतही गंभीर गुन्ह्यांतील पीडितांना 2005 पासून न्यायाधीशांसमोर बोलण्याचा हक्क आहे.

आपल्या अ‍ॅट्रॉसिटी कायद्यातही 2016 पासून कलम 15अ आहे. जामिनापासून शिक्षेपर्यंत पीडिताचे म्हणणे ऐकलेच पाहिजे, असे ते सांगते. पण हक्क कागदावर असून भागत नाही. 2006 च्या खैरलांजी हत्याकांडात चौघांचा जीव गेला, तरी खटल्यात अ‍ॅट्रॉसिटी टिकली नाही. कलम कोर्टात चालवणारे वकील आपल्यालाच घडवावे लागतील.

अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, जागा 75. लायडन विद्यापीठात हा विषय शिकवतात. तयारीला लागा. बाबासाहेब शिकून परत आले होते, हे मात्र विसरू नका.

जय भीम!